आरामाला आलेली

बस सुटायला अजून अवकाश होता. बसायला जागा नव्हती म्हणून माया दांडीला धरून उभी होती. तेवढ्यात समोरच्या बाकावरचा म्हातारा आपली पिशवी सावरत उठला आणि म्हणाला, “बस वं बाई. तुले लय दुखून रायलं.”

त्याने विचारलं नव्हतं, सरळ सांगितलं होतं. धोतर-टोपीतला माणूस, पिशवीत संत्री, बहुधा वरूडकडून येऊन अमरावतीच्या स्थानकावर गाडी बदललेला. वयाने मायाच्या बापासारखा. “नाही बाबा, तुम्ही बसा,” असं ती म्हणाली खरी, पण तोवर तो दांडी धरून उभाही राहिला होता आणि रिकाम्या जागेवर मागून कुणाची तरी पर्स येऊन पडायच्या बेतात होती. माया बसली.  दोन वर्षं ती ज्याची वाट पाहत होती ते हेच तर होतं, की कुणीतरी न सांगता ओळखावं. नवऱ्याने ओळखावं, शाळेतल्या मोठ्या बाईंनी ओळखावं, गच्चीवर कपडे वाळत घालताना शेजारणीने ओळखावं. सूज नाही, प्लास्टर नाही, चार लोकांना दाखवावं असं काहीच नाही, असलं हे दुखणं. “दिसून त चांगली रायली तू,” असं जो तो म्हणे आणि ती आतल्या आत जळफळे. आणि आज एका परक्या म्हाताऱ्याने ओळखलं, तर बरं वाटायचं सोडून तिला भीतीच वाटली. म्हणजे आता दिसायला लागलं. म्हणजे नेमकं आजच, जेव्हा सगळं जपून, झाकून अकोल्यापर्यंत न्यायचं होतं तेव्हाच, ते सकाळी सकाळी चेहऱ्यावर सांडलं होतं. खिडकीच्या काचेत तिने स्वतःला पाहून घेतलं. काचेत नुसती धूळ होती आणि पलीकडे रसवंतीचं चाक फिरत होतं.

अकोल्याचं काम तसं अगदीच साधं होतं. आईचं डोकं धुऊन द्यायचं होतं. धडधाकट माणसाला सांगितलं तर तो म्हणेल, मग यात विशेष ते काय? माया त्याला समजावून सांगायच्या भानगडीत पडली नसती. होळीच्या सुमारास आई, सुंदराबाई, न्हाणीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशनला हृदय साथ देणार नाही म्हणून डॉक्टरांनी हात वर केले, आणि तेव्हापासून त्या खाटेवर होत्या. खाटेवरच्या माणसाचं डोकं धुवायचं म्हणजे आधी त्याला उचलून कडेला सरकवायचं. मान आपल्या हातावर घ्यायची, खाली बादली लावायची, दुसऱ्या हाताने पाणी ओतायचं, चोळायचं, पुन्हा ओतायचं. मग पुसायचं, गुंता सोडवायचा. आणि मायाच्या दृष्टीने या कामातली सगळ्यांत वाईट गोष्ट ही की ते मध्येच थांबवता येत नाही. साबण लावलेलं डोकं तसंच ठेवून कुणी आडवं होऊन येऊ शकत नाही.

थांबणं हेच तर आता तिचं आयुष्य होतं. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या भागात घरोघर चिकनगुन्याची साथ होती. सगळी गल्लीच भिंती धरधरून चालत होती आणि एकमेकांना हसत होती. दिवाळीपर्यंत सगळे सरळ झाले. माया झाली नाही. ताप गेला, पण बोटांत, मनगटांत, घोट्यांत दुखणं घर करून राहिलं, आणि त्याच्या जोडीला एक थकवा, जो झोपून जाईना आणि खाऊन जाईना. रिपोर्ट सगळे चांगले येत. प्रत्येक चांगल्या रिपोर्टागणिक घरच्यांचा तिच्यावरचा विश्वास थोडा थोडा कमी होई. शेवटी एका डॉक्टरबाईने तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं आणि सांगितलं, “तुम्ही दुखायला लागल्यावर थांबता. तसं नाही. दुखायच्या आधी थांबायचं. जमतंय असं वाटत असतानाच काम सोडायचं, पडून राहायचं, मग उठून पुढचं करायचं. जोर आला म्हणून एका दिवसात सगळं उरकायला गेलात, की पुढचे चार दिवस गेलेच म्हणून समजा.” मायाला तेव्हा हसूच आलं होतं. जमतंय असं वाटत असताना काम सोडायचं! हे तिच्या आईला कुणी सांगितलं असतं तर आईने त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग हाकलून दिलं असतं.

कारण सुंदराबाईंनी जन्मभर एकच शिकवण दिली होती, उरकलं की बसू. त्या अकोल्याला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामाला होत्या. तिथे जी बाई अधूनमधून बसे, तिला दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठवत. संध्याकाळी आई घरी येई तेव्हा तिच्या केसांत, भुवयांत, पापण्यांतसुद्धा कापसाचं तूस असे. ती तशीच चुलीशी बसे, तशीच भाकरी थापी, भांडी घाशी आणि सगळं झाल्यावर भिंतीला पाठ लावून म्हणे, “आता बसतो.” पाच मिनिटांत बसल्या जागी झोप लागे. मायाला ते बसणं फार आवडे. सगळं उरकून मग बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं ते आईच्या चेहऱ्यावर असे. मायाच्या चेहऱ्यावर ते आता कधीच येणार नव्हतं, कारण तिचं काही उरकतच नव्हतं. भाजी निवडायची, पडायचं. फोडणी द्यायची, पडायचं. एका खोलीचा केर काढून झाडू दाराशी ठेवायचा. घरभर अर्धवट कामं पसरलेली असत आणि त्यांच्या मधोमध ती डोळे मिटून पडलेली असे. झोपही नाही आणि जागही नाही अशी. श्याम, तिचा नवरा, चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसावर ओरडता येत नाही ही एक वेगळीच पंचाईत. तिने मळून ठेवलेली कणीक, ती उठून येईस्तोवर, पोळ्या होऊन डब्यात गेलेली असे. वाकड्यातिकड्या, पण पोळ्याच. तिने अर्धा काढलेला केर पूर्ण झालेला असे. “मी करणार होते न,” ती म्हणे. “अवं, केलं न मी. तू पड,” तो म्हणे. त्याला कळतच नसे की ती रडते का. ती पडून राही आणि तिच्या पाठीमागे घर हळूहळू तिच्यावाचून चालायला शिकत होतं, हे तिला पडल्या पडल्या ऐकू येई. पोळपाटाचा आवाज, नळाचा आवाज, कुकरची शिट्टी. तिच्या वाटणीची जागा बाकीच्यांनी सरकून भरून काढली होती, गर्दीच्या बाकावरून कुणी उठलं की होतं तशी.

बडनेरा मागे पडलं. कपाशीची वावरं सुरू झाली. म्हातारा अजून उभाच होता. मायाने दोनदा त्याच्याकडे पाहिलं, दोनदा तो दुसरीकडे पाहत होता. मायाने हात मांडीवर उताणे ठेवले होते, बोटं सैल सोडली होती. घरून निघताना पिशवीसुद्धा श्यामने रिक्षात ठेवली होती. गेला पंधरवडा ती असंच करत आली होती. केस विंचरणं सोडून नुसते बांधले, शेजारचं बारसं टाळलं, शाळेतून तिने बिनपगारी रजा घेतली होती, तिथल्या बरोबरीच्या शिक्षिका भेटायला येतो म्हणाल्या त्यांना ‘मी नाही घरी’ असं खोटं सांगितलं, आंघोळसुद्धा स्टुलावर बसून एक दिवसाआड. श्यामला वाटलं दुखणं वाढलं. तिने त्याला वाटू दिलं. खरं म्हणजे ती साठवत होती. आणि हे साठवणं तिला कुणी डॉक्टरबाईने शिकवलं नव्हतं. अकोल्याच्या घराघरात ते आईच्या दुधाबरोबरच मिळतं. नळ आज आले की पुन्हा कधी येतील ते सांगता येत नाही. तोवर दारातले ड्रम, न्हाणीतली टाकी, माजघरातले पाण्याचे गुंड, सगळं नेमून दिलेलं. हे प्यायचं, हे स्वैपाकाचं, या पाण्याला हात लावाल तर मार खाल. आणि वापरायला बोअरचं पाणी, खारं, ज्यात साबण फुटत नाही आणि डाळ शिजत नाही. त्या पाण्याने डोकं धुतलं की केस वाळल्यावर चरबट होत, त्यात बोट शिरत नसे. म्हणून रविवारी आई मायाचं डोकं नळाच्या पाण्याने धुई, गोड्या पाण्याने. गडव्याने मोजून पाणी घाली, रिठ्याचा फेस मायाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरी. आणि मग स्वतःचं डोकं त्याच न्हाणीत, त्याच पाटावर, खाऱ्या पाण्याने. कापसाचं तूस खाऱ्या पाण्याने निघत नसे. आईच्या वेणीत ते सोमवारीसुद्धा असे. लहानपणी मायाला वाटायचं की आईचे केस असेच असतात.

मागच्या वेळी माया अकोल्याला गेली ती नेहमीसारखीच, प्रवासाने पिळून निघून. जाऊन आईच्या शेजारच्या खाटेवर कोसळली, आणि जाग आली तेव्हा आई आपल्या खाटेवरून हात लांब करून तिचे पाय चेपत होती. खुबा मोडलेली, कुशीवर वळता न येणारी आई. मायाने पाय ओढून घेतले तर म्हणाली, “राहू दे वं. माह्या हाताले दुसरं काय काम हाय.” मग थोड्या वेळाने, भावजय सीमा आत गेलेली पाहून, लाजल्यासारखी हळूच म्हणाली, “माया, एकडाव तुह्या हातानं डोकं धुऊन दे मले. सीमा करते वं, लय करते. पन एकडाव.” जन्मात कधी काही न मागितलेली बाई. तीस वर्षांच्या लग्नात मायाने नेलेलं लुगडंसुद्धा ‘कायले आनलं’ म्हणून ट्रंकेत ठेवणारी. “धुतो माय, पुढच्या खेपेला नक्की,” असं माया म्हणाली होती. पुढची खेप आहे की नाही हे त्या घरात कुणीच नक्की सांगू शकत नव्हतं. आईच्या पायांवर सूज आली होती, बोलताना दम लागत होता. डॉक्टरांनी मायाच्या भावाला, बंडूला, बाजूला घेऊन सांगितलं होतं आणि बंडूने फोनवर मायाला सांगितलं होतं, तेही रस्त्यात उभं राहून, घरात ऐकू जाऊ नये म्हणून.

मग मायाने अकोल्याला फोन केला आणि तिथेच चूक झाली. वऱ्हाडी माणूस तोंडाचा फटकळ म्हणून पुण्याकडे नाव आहे. असेलही. पण नणंदेने भावजयीशी बोलताना जीभ किती जपून टाकावी लागते हे वऱ्हाडातल्या नणंदांना विचारावं. ‘मी आईचं डोकं धुवायला येते’ असं मायाने सांगितलं असतं, तर त्याचा अर्थ एकच झाला असता, तुम्ही धुत नाही. महिनोन् महिने जी बाई सासूला उचलते, तिचं अंग पुसते, तिची घाण काढते, तिला नणंद अमरावतीहून डोकं धुवायला येतो म्हणते! ते वाक्य त्या घरात वर्षानुवर्षं पुरलं असतं, शेजारीपाजारी गेलं असतं. म्हणून सीमाने “काई विशेष, ताई?” असं विचारल्यावर माया म्हणाली, “नाई वं. जराकसा आराम पायजे होता, म्हून म्हनलं चार दिवस माहेरी येतो.” आणि मग सहज विचारल्यासारखं, “नळ कधी येऊन रायले तुमच्याकडं?”

“गुरवारी येतीन म्हनतात.”

मायाने शुक्रवार धरला.

मूर्तिजापूरला म्हातारा उतरायला निघाला. जाता जाता त्याने एक संत्रं काढून मायाच्या मांडीवर ठेवलं. तिला राहवलं नाही. “बाबा, तुम्हाला कसं कळलं?” तिने विचारलं.

“दांडी तू बोटानं नाई धरली. मनगट अटकवलं,” म्हातारा म्हणाला. “आमची बुढी अशीच धरे.”

“आता कशा आहेत त्या?”

“नाई आता,” तो म्हणाला आणि पायरी जपून उतरला.

संत्रं मायाने तसंच पिशवीत टाकलं. सोलायला बोटं लागतात, आणि बोटं आज दुसऱ्या कामाला होती.

अकोल्याच्या स्थानकावर बंडू रिक्षा ठरवूनच उभा होता. तिची पिशवी त्याने तिच्या हातातून ओढूनच घेतली. “सीमा म्हने स्कूटरवर नको आनू ताईले. तिले आराम पायजे.” रिक्षात माया मनाशी सगळं पुन्हा लावून पाहत होती. आल्याबरोबर नाही, आधी तासभर पडायचं. मग चहा. मग सीमा धुण्याला लागली की सहज म्हणायचं, ‘माय, डोकं चिकट झालं वं तुहं, मीच धुऊन देतो, रिकामी बसली त’. रिकामी बसलेली लेक काहीही करू शकते. त्यात भावजयीचा अपमान नाही. पाणी काल आलेलं असेल, गोडं, भरपूर. आणि आज तिला दुखत नव्हतं. म्हाताऱ्याने काही म्हणो, प्रवास होऊनही बोटं मोकळी होती, खांद्यांत जोर होता. तिने रिक्षात हळूच मूठ मिटून पाहिली. मिटली. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

घरात शिरताच समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली आईची खाट, आणि खाटेवर आई डोळे मिटून पडलेली. उशीवर जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि त्यावर आईचे पांढरे केस मोकळे पसरलेले. नुकतेच धुतलेले.

माया दारातच उभी राहिली.

“आल्या ताई?” सीमा पदराला हात पुसत आली. पदर खालून ओला होता. “पाहा, आज तुमच्या मायनं मले पाहाटंच उठवलं. म्हने न्हाऊ घाल. मी म्हनलं दुपारी घालतो, ऐकनार कोन.”

सुंदराबाईंनी डोळे उघडले. ओठ कोरडे, श्वास वर वर चाललेला, पण चेहऱ्यावर लबाडी केल्यासारखा आनंद. “पाय,” त्या म्हणाल्या, “न्हाली मी. डोकंसुदीक. तू आरामाले येऊन रायली म्हनलं... आन् तू म्हनलं होतं न मांगं, धुऊन देतो... तू काई ऐकली नसती.” मध्ये दम घेतला. “आरामाले आलेल्या लेकीच्या मांगं काम लावतेत काय वं? आता तू निज.”

माया खाटेशी बसली. तिने आईच्या केसांवर हात ठेवला. केस चरबट होते. ताठ, राठ, एकमेकांना चिकटलेले, आणि बोट शिरेना. हा स्पर्श तिच्या बोटांनी तिच्या आधी ओळखला.

“बोअरच्या पान्यानं?” तिने विचारलं.

“काय करता, काल नळ आलेच नाई,” सीमा म्हणाली. “एकच डरम रायला गोडा. मी घेत होती त्यातलं, त आई म्हने थ्याले हात लावू नको, थो मायासाठी. तिच्या हातापायाले गरम पान्यानं शेकाले लागते, गोडं पानी लागते. मले खारं चालते म्हने, मी काय नवरी हाय.”

“माय,” माया म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, “मी धुऊन देतो न पुन्हा. गोड्या पान्यानं. आता लगेच. मले काईच नाई दुखून रायलं आज. खरंच नाई.”

आईने नुसता हात हलवला. झालं न आता, असा. डोळे मिटले होते. सीमा वाकून हळूच म्हणाली, “नका उठवू, ताई. सकायी उचलताना लय धापल्या. निळ्या पडल्या होत्या. मी त भेली.” बोलता बोलता तिने आपल्या कमरेवर हात दाबून धरला. त्या क्षणी मायाला सांगून टाकता आलं असतं. मी आराम करायला आलेच नव्हते, मी याच्यासाठीच आले होते, पंधरा दिवस मी याच्यासाठी जिवंत माणसासारखी वागले नाही. पण समोर सीमा होती, पहाटेपासून एकटीने ते ओझं उचललेली, आणि तिच्या चेहऱ्यावर, कधी नव्हे ती, आपल्याला कुणी बरं म्हणेल का याची आस होती. माया म्हणाली, “चांगलं केलं, सीमा.” सीमाचा चेहरा फुलला. ती चहा टाकायला आत गेली.

मग मायाला निजवण्यात आलं. शेजारच्या खाटेवर धुतलेली चादर, दोन उशा, डोक्याशी पंखा. ती उठून ताटल्या घासायला गेली तर सीमाने हातातून घासणी काढून घेतली. भाजी निवडायला बसली तर बंडू ओरडला, “ताई, तू आरामाले आली न?” माहेरवाशिणीला काम लावायचं नाही हा जुना नियम होताच, त्यात दुखण्याची भर पडली. या घरात आता तिच्यासाठी काहीच उरलं नव्हतं. ती पडून राहिली आणि छताकडे पाहत राहिली. तिला कुठेही दुखत नव्हतं. ही गोष्ट सगळ्यांत भयंकर होती. खांद्यांत, दंडांत, मनगटांत तो साठवलेला जोर तसाच होता, शिगोशीग, आणि त्याला जायला वाट नव्हती. हातभर अंतरावर आई होती, खारट केसांची, तोंड उघडं टाकून झोपलेली. प्रत्येक श्वास घेण्याआधी ती जराशी थांबे, आणि मायाही थांबे. दुखायच्या आधी थांबायचं. ती थांबली होती. दोन वर्षं तिने थांबण्याखेरीज दुसरं काय केलं होतं? पोळीपाशी थांबली, झाडूपाशी थांबली, फळ्यापाशी थांबली, आणि जिथे थांबायचं नव्हतं तिथे पोचण्यासाठी पंधरा दिवस थांबली. तेवढ्यात ते काम होऊन गेलं होतं, नेहमीसारखं, तिच्या पाठीमागे, तिच्याच भल्यासाठी. तिच्यावर सगळ्यांचं प्रेम होतं. त्या प्रेमात तिचा श्वास कोंडायला लागला. पुन्हा कधी? पुढच्या महिन्यात रजा संपत होती. नोकरी टिकवायची तर उभं राहायला लागणार होतं, आणि उभं राहिलं की साठवण कसली. आणि आईने एकडाव म्हटलं होतं. आईसारखी माणसं एकच वेळ मागतात, आणि मग आपणहून ते मागणं परत घेतात.

दुपार कलताना गल्लीत ओरडा झाला, “नळ आले, नळ आले!” घराघरातून पाइप ओढल्याचे, बादल्या आपटल्याचे आवाज सुरू झाले. माया उठून दाराशी आली. बंडू पाइप लावत होता आणि सीमाने अंगणातला निळा ड्रम दोन्ही हातांनी धरून कलता केला होता.

“ते काय करून रायली?” माया ओरडली. “राहू दे ते!”

“शिळं झालं ताई. किती दिवसांचं ते. तुमी आंगबी नाई शेकलं त्याच्यानं.” सीमा हसली. “आता ताजं भरतो न.”

ड्रम आडवा झाला. पाणी धबाधबा अंगणात पडलं, फरशीवरून वाहत उंबऱ्याबाहेर गेलं आणि गल्लीत शेजारच्या घरातून सांडलेल्या तसल्याच पाण्याला मिळालं. सगळी गल्लीच आपापलं साठवलेलं ओतून देत होती. जपून, मोजून, पोरांना मारून राखलेलं. लहानपणी दर वेळी हेच व्हायचं आणि तिला कधी त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पाणी तिच्या पायांखालून गेलं, गार, गोडं. तिने वाकून ओंजळ भरायला हात खाली नेला, आणि तेव्हाच उजव्या हाताच्या करंगळीत ते सुरू झालं.

ते नेहमी करंगळीतच सुरू होई. मग शेजारच्या बोटात, मग मनगटात. काही केलं नव्हतं, एक कपसुद्धा उचलला नव्हता, तरी ते आपल्या वेळेवर आलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही खांदे भरून आले, दंड जड झाले, आणि दिवसभर अंगात जे काही होतं ते न वापरताच ओसरून गेलं. ती भिंत धरून आत आली आणि खाटेवर टेकली. पिशवीतलं संत्रं उशीशी घरंगळलं. ते सोलायची ताकद आता नव्हती.

दिवा लागला तेव्हा आई जागी झाली. तिने आधी आपले केस चाचपले, मग मान वळवून लेकीकडे पाहिलं. मायाने चेहरा सरळ केला. ते तिला जमत असे.

“निजली होती न वं?” आईने विचारलं. तिचा हात खाटेवरून हळूहळू लांब झाला आणि मायाच्या पावलावर येऊन दाबायला लागला. “झाला न आराम?”

“झाला, माय,” माया म्हणाली.